गुळाच्या पोळ्या का फुटल्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गुळाच्या पोळीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमची तक्रार थोडक्यात अशी: दिलेल्या मापाने १६ पोळ्या केल्या, त्यातल्या ११ फुटून गूळ तव्यावर आला, उरलेल्या पाच दुसऱ्या दिवशी वातड झाल्या, ‘उत्तम प्रतीचा चिक्कीचा गूळ’ आणूनही ही गत, म्हणजे कृतीच चुकीची, सारणात बेसन घालणं ही भेसळ, म्हणून तुम्ही ते घातलं नाही, आणि संक्रांत १४ जानेवारीलाच असते, पानिपतसुद्धा त्याच दिवशी झालं, तेव्हा १५ तारीख लिहून लोकांना गोंधळात टाकू नये.

पहिली चूक लेखाची आहे, ती मान्य. ‘अर्धा किलो गूळ’ एवढंच लिहिलं होतं, कोणता ते लिहिलं नव्हतं. चिक्कीचा गूळ चिक्कीसाठी आणि तिळाच्या कडक वड्यांसाठी. तव्यावर तो पातळ होऊन धावतो आणि गार झाला की काचेसारखा घट्ट बसतो. पोळीला साधा गूळ हवा, बोटाने दाबला की चुरा पडणारा. पाणी सुटलेला चिकट गूळही नको, तो तर लाटतानाच कणकेला ओल देतो.

बेसनाचं मात्र मी मागे घेणार नाही. वितळलेल्या गुळाला धरून ठेवणारं सारणात दुसरं काहीच नसतं. तिळाच्या कुटाला स्वतःचंच तेल सुटतं, खोबऱ्याचंही तेच. खमंग भाजलेलं बेसन गुळाचा पाक शोषून घेतं आणि सारण लगद्यासारखं राहतं. बेसन चालतच नसेल तर तेवढीच कणीक तेलावर भाजून घ्या, पण काहीतरी घालावंच लागेल. चिक्कीचा गूळ आणि बेसन नाही, या जोडीने १६ पैकी ५ पोळ्या शाबूत राहिल्या याचंच मला नवल वाटतं.

आता नीट माप. सारणाला साधा गूळ ५०० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, सुकं खोबरं ५० ग्रॅम, खसखस २५ ग्रॅम, बेसन ७५ ग्रॅम, बेसन भाजायला ३ मोठे चमचे तेल, वेलची आणि जायफळ. तीळ, खोबरं आणि खसखस वेगवेगळं भाजा. एकत्र भाजलं तर तीळ तडतडेपर्यंत खसखस करपते. गार झाल्यावर बारीक कूट करा. बेसन मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई केली की सगळं बिघडतं: गरम बेसनात गूळ पडला की तो तिथेच पाघळतो आणि नंतर घट्ट बसतो, मग साध्या गुळाचीही चिक्कीच होते. गूळ बारीक किसणीने किसा आणि सारण तळहाताने रगडून मळा. हरभऱ्याएवढा खडा राहिला तरी लाटताना तो पारी, म्हणजे कणकेचं आवरण, फाडतो. सारण आदल्या दिवशी करून ठेवलं तर जास्त चांगलं मुरतं.

थंड प्रदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. सारण रात्रभरात दगड झालं तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. डबा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा मळा.

पारीसाठी कणीक ३५० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, चवीला मीठ आणि ४ मोठे चमचे कडकडीत तापवलेलं तेल. हे तेलाचं मोहन पिठाला चोळून लावा, मूठ वळली पाहिजे. मग घट्ट भिजवा आणि तासभर झाकून ठेवा. पुरणपोळीची कणीक सैल आणि तार सुटणारी असते. ती सवय इथे आणली की पोळी फुटते, आणि न फुटलेली वातड होते. पुरण मऊ म्हणून त्याची कणीक मऊ. गुळाचं सारण घट्ट म्हणून याची कणीक घट्ट. दोन्ही गोळे शेजारी ठेवून अंगठ्याने दाबून बघा. अंगठा दोन्हींत सारखाच रुतला पाहिजे. सारण जास्त कडक लागलं तर चमचाभर तेल घालून मळा, सैल लागलं तर भाजलेलं बेसन वाढवा. माझ्या मते पोळ्या फुटण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं, गुळाची जात त्यानंतर.

तुम्ही उंडा भरून, म्हणजे कणकेच्या एकाच गोळ्यात सारण भरून, पोळी लाटली असं लिहिलं आहे. जमणाऱ्यांना ते जमतं, पण उंड्याच्या तोंडाशी कणकेचा जाड गोळा होतो आणि दुसऱ्या बाजूची पारी पातळ पडून तिथूनच गूळ बाहेर येतो. त्यापेक्षा दोन पाऱ्यांची पोळी करा. कणकेच्या लिंबाएवढ्या दोन लाट्या, साधारण २०-२२ ग्रॅमच्या, आणि सारणाची ४५ ग्रॅमची एक. कणकेच्या दोन पुऱ्या लाटा, सारणाची चकती पुरीपेक्षा जराशी लहान थापून मधे ठेवा, कडा दाबून बंद करा. तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने मधून कडेकडे लाटा. सारण कडेपर्यंत पोचलं पाहिजे. जी नुसती कणीक बाहेर राहील ती कातण्याने कापून टाका. लाटताना कुठे गूळ डोकावला तर तिथे चिमूटभर कोरडी पिठी दाबा आणि ती बाजू तव्यावर वर ठेवा, म्हणजे खालची बाजू आधी धरते.

तवा आधी चांगला तापवा, मग आच मध्यम. तुम्ही ‘अगदी मंद’ आचेवर भाजल्या, आणि त्या पाच पोळ्या तिथेच वातड झाल्या. मंद आचेवर कणीक वाळते आणि गुळाला पाघळायला भरपूर वेळ मिळतो. एक बाजू खरपूस झाली की एकदाच उलटा. सारखं उलटत राहिलं की उलथन्याचं टोक लागतं. एखादी फुटलीच तर पुढची टाकण्याआधी ओल्या फडक्याने तवा पुसा (वाफेपासून हात सांभाळा). जळलेल्या गुळाच्या ठिपक्यावर पुढची पोळी चिकटते आणि उचलताना फाटते. ११ पोळ्या ओळीने फुटण्यात याचाही हात असणार.

गरम पोळ्या एकावर एक रचू नका, झाकू नका. कागदावर सुट्या पसरा आणि पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. वाफ कोंडली तर खुसखुशीतपणा गेलाच म्हणायचा. नीट जमलेली पोळी आठवडाभर सहज टिकते.

राहिली तारीख. १५ जानेवारी ही छापण्यातली चूक नाही. संक्रांत सूर्याच्या निरयन (म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या) मकर राशीतल्या प्रवेशावर ठरते. तो क्षण दर वर्षी सुमारे सहा तास नऊ मिनिटं पुढे जातो आणि लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी त्याला एक दिवस मागे खेचतो. प्रवेश सूर्यास्तानंतर झाला तर आपल्याकडे संक्रांत दुसऱ्या दिवशी धरतात. म्हणून २०२३ आणि २०२४ मध्ये ती १५ तारखेला होती, २०२५ आणि २०२६ मध्ये १४ ला, आणि २०२७ मध्ये पुन्हा १५ ला. दर वर्षीच्या सहा तासांवरची ती जास्तीची नऊ मिनिटं साठत जातात, शिवाय १८००, १९०० अशा शतकी वर्षांना २९ फेब्रुवारी नसतो, त्यामुळे संक्रांत सरासरी साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, आणि ती तारीख १२ जानेवारी होती. याच हिशेबाने १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे १४ जानेवारीला पानिपतावर लढाई झाली तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. ‘पानिपतावर संक्रांत कोसळली’ हे म्हणायला ठीक आहे, पंचांगात मात्र बसत नाही.

मूळ लेखात ‘साधा गूळ, चिक्कीचा नको’ अशी दुरुस्ती केली आहे आणि बेसनाचं माप वाटीऐवजी ग्रॅममध्ये दिलं आहे.

फुटलेल्या ११ पोळ्या टाकल्या नसतील तर तव्यावर पुन्हा कडक करा, गार झाल्यावर मिक्सरमधून भरड काढा आणि वळण्यापुरतं कोमट तूप घालून लाडू वळा. गूळ आधीच त्यात आहे, वरून गोड घालायची गरज नाही.