स्मरणिकेत तारखा कशा टाकाव्यात

संस्थेची स्मरणिका छापायला घेतलीये ना, मग पहिलं काम, तारीख एकाच पद्धतीने अजिबात लिहू नका. कव्हरवर १ मे २०२४, अध्यक्षांच्या मनोगतात ०१/०५/२४, अहवालात दि. १-५-२०२४, आणि जमाखर्चाची एक्सेल ज्याने पाठवलीये त्याच्या लॅपटॉपचं सेटिंग अमेरिकन, त्यामुळे तिथे ५/१/२०२४. झाला कार्यक्रम पाच जानेवारीला! वाचक पानं मागेपुढे करत बसतो, एरवी स्मरणिका उघडतंय कोण.

त्यातही तारीख निवडून घ्या. २५/१२ काही कामाची नाही, पंचविसावा महिना नसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. दिवस बाराच्या आतलाच हवा. ३/४/२४ बघा कशी झकास आहे, तीन एप्रिल की चार मार्च? मधे ३१ मार्च येतो म्हणजे आर्थिक वर्षच बदललं, ऑडिटरलाही जरा विरंगुळा.

आकडे एका ओळीत मराठी, पुढच्या ओळीत इंग्रजी. हे तर फॉन्ट बदलला की आपोआपच होतं.

शके मात्र विसरू नका, पान भारदस्त दिसतं. फक्त पाडव्याला बदलणारं पंचांगातलं शक की १९५७ पासूनचं सरकारी, २२ मार्चला (लीप वर्षी २१ ला) सुरू होणारं, ते सांगायचं नाही. शिवजयंतीच्या लेखात एका पानावर १९ फेब्रुवारी १६३०, दुसऱ्यावर फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१. लोक इसवी सन काढायला ७८ मिळवणार, उत्तर येणार १६२९, मग भांडणार, कारण फाल्गुनात ७९ मिळवायचे असतात हे किती जणांना माहितीये? वर कुणीतरी १ मार्चही टाका, जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आजच्या ग्रेगोरियनमध्ये आणली की तेच येतं, म्हणजे चूक कुणाचीच नाही आणि वाद वर्षभर पुरतो.

आयएसओ ८६०१ नावाचं, तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, एक प्रकरण १९८८ पासून आहे, आधी वर्ष मग महिना मग दिवस, फाइली नावाने लावल्या तरी तारखेच्या क्रमाने लागतात वगैरे. डीटीपीवाल्याला हे कळू देऊ नका.

प्रकाशनाची तारीख वर्डमधूनच इन्सर्ट करा आणि आपोआप अपडेटची टिक तशीच राहू द्या, फाइल ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी प्रकाशन. प्रूफ बघणारे काका कटकट करतील, त्यांना फक्त जाहिरातींची पानं द्या.