खुलासा: सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाईपचं भोक बुजवू नका

‘सेफ्टी व्हॉल्व्हच्या डिस्चार्ज पाईपला तळाशी भोक दिसलं तर ती गळती, पावसाळ्याआधी प्लग मारा’ असा मेसेज मुंबईतल्या बॉयलरवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. साफ चूक. ते भोक पाणी निथळून जायला मुद्दाम पाडलेलं असतं.

बॉयलरचा दाब फार वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ या पाईपातून बाहेर सोडतो. पाईपचं तोंड आभाळाकडे, आणि आपला जुलै कसा असतो ते सांगायला नको. भोक बंद झालं की पाणी उभ्या पाईपात साठतं. 3 मीटर पाण्याचा दाब साधारण 0.3 बार. साध्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हवर तो मागून बसतो आणि व्हॉल्व्ह तेवढ्या जास्त दाबाला उघडतो. उघडला की वाफ ते पाणी गोळ्यासारखं फेकते. एल्बो (पाईपचं वळण), सपोर्ट सगळं हादरतं.

चेंबूरला एकदा बॉयलर बंद असताना असं भोक तारेने टोकरलं. आधी रंगाचा पापुद्रा निघाला, मग बादलीभर तांबडं पाणी. (रंगारी प्लगपेक्षा वाईट!)

मेसेजमध्ये खरं एवढंच, की विषारी किंवा ज्वलनशील वायूला उघडं भोक चालत नाही. तिथे बंद हेडर (वायू गोळा करून नेणारा मोठा पाईप), ड्रमकडे, म्हणजे द्रव गोळा होणाऱ्या टाकीकडे उतार आणि मध्ये कुठेही खोलगट भाग नको. वाफेच्या भोकाला नळी जोडून ती माणसांपासून दूर न्या. नळीवर कॉक मात्र बसवू नका.