आईची कवळी आणि बेव्हन

आज डोकं फिरलंय. इथे कार्डिफमध्ये आपल्याच मराठी लोकांच्या चहाला एक काका म्हणाले, "फुकट मिळालं की लोक माजतात. त्या बेव्हननं सवय लावली." बेव्हन म्हणजे एनएचएस, ब्रिटनची सरकारी मोफत आरोग्यसेवा, उभारणारा आरोग्यमंत्री. आणि काकांनी स्वतःचा गुडघा मागच्याच वर्षी त्याच एनएचएसमध्ये बदलून घेतलाय, एक पौंड न देता! मी कप ठेवला आणि उठले.

माझी आई साताऱ्याला असते. दात गेल्यावर दोन वर्षं तिनं कवळी केली नाही, कारण तेव्हा माझी फी भरायची होती. चुलतभावाच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत तोंडावर पदर. मला वाटायचं, लाजते.

म्हणून अनायरिन बेव्हनची पार्लमेंटमधली भाषणं वाचताना मला भरून येतं. ३० एप्रिल १९४६. कॉमन्सचं, म्हणजे खालचं सभागृह युद्धात बॉम्बनं पडलेलं, म्हणून बैठक वरच्या, लॉर्ड्सच्या दालनात. आणि तिथे कोण बोलतंय, तर वेल्समधल्या ट्रेडेगर गावच्या खाणकामगाराचा पोरगा, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला, लहानपणी बोलताना अडखळणारा. सांगतोय काय, तर पैशाच्या धास्तीनं कुणी डॉक्टरकडे जायचं लांबवू नये. लोकांच्या दातांची दशा ही देशाला लाज आहे, हेही त्याच भाषणात. दात! अहो, मंत्री दातांवर बोलतोय! आईच्या दातांवर कोण बोललं?

५ जुलै १९४८ ला सेवा सुरू झाली. तीन वर्षांत त्याच्याच पक्षाच्या अर्थमंत्र्यानं, गेट्स्केलनं, कवळ्या आणि चष्म्यांचा निम्मा खर्च रुग्णांवर टाकला. का? तर कोरियाचं युद्ध, शस्त्रं हवीत. बेव्हननं राजीनामा दिला आणि २३ एप्रिल १९५१ ला सभागृहात हिशेबच मांडला: ४००० दशलक्ष पौंडांच्या बजेटमधून तुम्ही हे १३ दशलक्ष काढताय! शस्त्रांचा कार्यक्रम झेपणार नाही, कच्चा मालच नाही, हेही बजावलं. आपल्याच बाकांवरच्यांनाही ते भाषण रुचलं नाही. पण वर्षाअखेर, तोवर पंतप्रधान झालेल्या विरोधी पक्षाच्या चर्चिलला त्याच सभागृहात कबूल करावं लागलं की शस्त्रांबाबत बेव्हनचं बरोबर निघालं. अर्थात टोमणा मारूनच, चुकून बरोबर निघालं म्हणे!

बरं, १९४९ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग फी लावायची तरतूद बेव्हन स्वतः मंत्री असतानाच झाली होती. अमलात आली नाही, पण झाली होती. जीभही फार तिखट. मान्य.

पण काका, निम्मा खर्च म्हणजे किती, हे तुम्ही मला नका सांगू. आईनं निम्म्याचाही हिशेब केला असता आणि पुन्हा माझी फीच भरली असती.

रागारागात घरी आले आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. तिची झोपायची वेळ, कवळी काढून वाटीत ठेवलेली. मला बघून आधी पदर शोधला तिनं.