तर्रीचा थर आणि अनशापोटी तूप

आमच्या नागपूरच्या फॅमिली ग्रुपवर महिन्याभरात चारदा आलेला मेसेज असा: ‘तर्रीचं तेल लहान आतड्याला चिकटतं, वर्षानुवर्षं थर साचतो, मग अन्न अंगी लागत नाही. रोज अनशापोटी दोन चमचे कोमट तूप घ्या. थर सुटतो, तुपातलं ब्युटिरेट (एक छोटं मेदाम्ल) अस्तराच्या पेशींना पोसतं आणि अस्तर नवं होतं.’ माझ्या मोठ्या आईच्या पित्ताशयात खडे आहेत, आणि तिनं हे मनावर घेतलं. म्हणून लिहिते आहे.

आधी थर. पित्तातले क्षार तेलाचे बारीक थेंब करतात, स्वादुपिंडाचं लायपेज हे विकर ते तोडतं, आणि सुटी झालेली मेदाम्लं अस्तराच्या पेशी आत घेतात. पेशीत त्यांचा पुन्हा मेद बनतो, त्यावर प्रथिनाचं वेष्टण चढतं. हे गाठोडं, म्हणजे कायलोमायक्रॉन, आधी लसिकेत (लिम्फमध्ये) उतरतं आणि मानेच्या बुडाशी डाव्या शिरेतून रक्तात मिसळतं. सावजी रश्श्यातलं जवसाचं तेल असो की तूप, मुख्य वाट हीच. निरोगी माणसात खाल्लेल्या मेदापैकी साधारण ९५ टक्के शोषला जातो. शिवाय या पेशी ३ ते ५ दिवसांत गळतात आणि नव्या येतात. वर्षांचा थर धरणार कशावर? तर्रीनं आग होते ती तिखटातल्या कॅप्सेसिनमुळे.

थरच नाही, तर तूप सोडवणार काय?

ब्युटिरेटचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. ते पेशींचं इंधन आहे, पण मोठ्या आतड्यातल्या. तिथले जिवाणू अन्नातल्या तंतूंपासून ते जागेवरच बनवतात. तुपातलं थोडंसं ब्युटिरेट त्याआधीच शोषलं जाऊन यकृताकडे जातं. लहान आतड्याच्या पेशी मुख्यतः ग्लुटामिन या अमिनो आम्लावर चालतात. ब्युटिरेटच हवं असेल तर ज्वारीची भाकर आणि वरण खा.

‘अस्तर नवं होतं’ हे ऐकून तर मला काळजीच वाटते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की बराच काळ अतिमेदयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या आतड्यात नव्या पेशी बनवणाऱ्या मूळपेशी (स्टेम सेल) वाढल्या, आणि गाठी (ट्यूमर) होण्याची शक्यताही वाढली. माणसाला हे जसंच्या तसं लावता येत नाही, पण नव्या पेशी जास्त म्हणजे आरोग्य चांगलं, असंही नसतं.

मोठ्या आईला तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री बरगडीखाली कळ आली. मेद पोचला की आतडं कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पित्ताशय आकसतं. खडा नळीच्या तोंडाशी अडकला की अशीच कळ येते. खडे असलेल्यांनी हा प्रयोग करूच नये. आणि शौच तेलकट, तरंगणारं, फार दुर्गंधीचं होत राहिलं, तर ‘थर सुटतोय’ म्हणून खूश होऊ नका. मेद पचत नसल्याचं ते लक्षण आहे, डॉक्टरांना दाखवा.