कॅमेऱ्याकडे बघायला सांगू नका हो!

दरवेळी हेच. भर उन्हात सावलीचा एक तुकडा शोधून मी मुकाट उभी असते, समोर पोरं पाइपाच्या पाण्याने एकमेकांना भिजवतायत, कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ४००, लेन्सचं छिद्र एफ ८, शटर १/१६०० सेकंद असं सगळं आधीच लावून ठेवलंय म्हणजे उडालेला थेंब न थेंब हवेत थांबलेला दिसेल, आणि नेमका तेव्हाच बाजूचा कुणीतरी काका ओरडतो, "ए पोरांनो, इकडे बघा, फोटो काढतायत!"

झालं. पाइप खाली, पोरं ओळीत, दोन बोटं वर.

अहो का?? मला ती ओळ नकोच होती! एकाच्या डोळ्यात पाणी गेलेलं, तो तोंड वाकडं करून मागे सरकत होता, ते हवं होतं. आणि ते पुन्हा मिळत नाही, "खेळा रे तसंच" म्हटलं की नुसतं नाटक होतं. परवानगीचं म्हणाल तर आईबापांना मी आधीच विचारलेलं असतं. वर हे काका मलाच सांगतात, "काढा आता, सगळे नीट उभे आहेत." नीट उभं राहिलेलं कुणाला हवंय, आणि तेही उन्हाळ्याच्या सुट्टीत?