रेसूअदृअक्षगॅ

घराण्यात एखादाच माणूस विज्ञान शाखेला गेलेला असेल, तर त्याने ती गोष्ट लपवून ठेवावी. मी लपवली नाही. त्यामुळे ताईकडे सहज म्हणून डोकावलो होतो, तर रात्री नऊ वाजता सातवीतला भाचा वही घेऊन समोर उभा.

"मामा, उद्या टेस्ट आहे. तरंग आणि विद्युतचुंबकीय वर्णपट. आई म्हणाली, तुला येतं."

येतं म्हणजे, येत होतं.

"तरंगात ऊर्जा पुढे जाते, पदार्थ जागच्या जागी राहतो," मी म्हणालो. वाक्य इतकं खणखणीत उमटलं की मलाच हुरूप आला, आणि तिथेच थांबायचं सोडून मी प्रात्यक्षिकाला लागलो. गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीचं एक टोक सोडून हातात घेतलं. दुसरं गजाला होतंच. मधोमध चिमटा लावलेला मोजा तसाच ठेवला. झटका दिल्यावर उंचवटा सरसरत गजापर्यंत गेला; मोजा उठला, बसला आणि होता तिथेच राहिला. भाच्याच्या चेहऱ्यावर चक्क आदर दिसला.

मग काय! एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंत तरंगलांबी, सेकंदाला जितक्या लाटा ती वारंवारता, दोन्हींचा गुणाकार म्हणजे वेग. हात भरभर हलवला की उंचवटे जवळजवळ येतात, हेही करून दाखवलं.

"मग गॅमा किरण काढून दाखव."

गॅमा किरणांची वारंवारता सेकंदाला एकावर १९ शून्यं, त्याहूनही जास्त. माझ्या दंडाची कमाल तीन. तरी भाच्यासमोर माघार कशी घ्यायची? जीव खाऊन दोरी हलवली, तेव्हा मोजा चिमट्यातून सुटला आणि आत टीव्ही बघत बसलेल्या भावोजींच्या मांडीवर जाऊन पडला.

"मामा, पदार्थ पुढे गेला."

मी विषय वर्णपटाकडे, म्हणजे दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या सगळ्या प्रकाशलहरींच्या रांगेकडे, वळवला. इथे निदान तानापिहिनिपाजा पाठीशी होता. पण तो सगळा मिळून साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा. बाकी अफाट वर्णपट डोळ्यांना दिसतच नाही. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल लोलकातून पडलेल्या एकेका रंगाचं तापमान मोजत होता. तांबड्याच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या तापमापीचा पारा सगळ्यांपेक्षा वर चढला. पुढच्याच वर्षी रिटर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला जांभळ्याच्या पलीकडे दुसरा अदृश्य प्रकाश सापडला. हे मी इतकं रंगवून सांगितलं की भाच्याने जांभई दिली.

"गोष्ट नको. क्रम लक्षात कसा ठेवायचा?"

कमी वारंवारतेकडून जास्तीकडे: रेडिओ, सूक्ष्म, अवरक्त, दृश्य, अतिनील, क्ष, गॅमा. त्याने पहिली अक्षरं जुळवली: रेसूअदृअक्षगॅ. दोनदा मोठ्याने म्हटलं, तेव्हा भावोजींनी टीव्हीचा आवाज कमी करून कुणाला ठसका लागला का ते विचारलं.

"यात दोन अ आहेत. आधी कुठला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. "अव म्हणजे खाली. रक्त म्हणजे तांबडा. ज्याची वारंवारता तांबड्याच्या खाली, तो अवरक्त. निळ्याजांभळ्याच्या वर जातो तो अतिनील."

"मग अवतरंग म्हणजे तरंगाच्या खाली?"

अवतरंगात कंपनं तरंगाच्या दिशेला काटकोनात होतात, प्रकाश अवतरंग आहे, हवेतला ध्वनी अनुतरंग आहे, हे सगळं मी सांगितलं. 'अव' तिथे काय करतो, हे सांगितलं नाही. परिभाषा ठरवणाऱ्यांनी घरात एखादा भाचा बसवून काम केलं असतं, तर बरं झालं असतं.

शेवटचा आधार मायक्रोवेव्हचा. दाराच्या काचेत बारीक भोकांची जाळी असते. आतल्या सूक्ष्म लहरींची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, भोकं मिलिमीटरभर. म्हणून त्या बाहेर पडत नाहीत. दृश्य प्रकाशाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, तो आरामात बाहेर येतो आणि आतलं दिसतं.

"१२ सेंटिमीटर म्हणजे माझ्या पट्टीवर एवढं," त्याने पट्टी काढली. "आणि डोळ्यांना दिसतो तो प्रकाश त्याहून कितीतरी बारीक. तरी सूक्ष्म म्हणायचं ते ह्याला?"

रेडिओ लहरी काही किलोमीटरपर्यंत लांब असतात, त्यांच्या मानाने सूक्ष्म, असं मी म्हणालो. माझं मलाच ते वकिली वाटलं.

तेवढ्यात आतून ताईची हाक आली, "झोपा आता!" कुणी हललं नाही. दुसरी हाक आली.

"वारंवारता वाढली," भाचा म्हणाला.

"आयाम वाढला. आवाज मोठा झाला की आयाम, चिरका झाला की वारंवारता."

तिसऱ्या हाकेला दोन्ही वाढले. आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाजात विजय होता.

"मामा, रेसूअदृअक्षगॅ आलंच नाही! रिकामी जागा होती, निर्वातात प्रकाशाचा वेग. मी तीन लाख लिहिलं."

"शाब्बास. तीन लाख काय?"

पलीकडून काहीच ऐकू येईना. रेंज तर पूर्ण होती.