वर्कशॉपचा एसी आणि ‘व्हॅक्यूमची गरज नाही’ हा सल्ला

घरच्या वर्कशॉपमध्ये स्प्लिट एसी स्वतःच बसवा, असं सांगणारा एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी तो वाचून युनिट विकतही घेतलंय. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: टन जितका जास्त तितकं बरं, पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप (पाइपमधली हवा आणि ओल ओढून काढणारा) लागत नाही, थोडा गॅस सोडून हवा काढली की काम झालं, नट कचकून आवळा, भुशाची काळजी नको, जाळी आहेच, जवळच्या सॉकेटवर चालतो, आणि हिवाळ्यात तोच हीटर होतो. शेवटी ग्वाही दिली आहे, ‘आमच्याकडे दोन वर्षं मस्त चालू आहे.’

यातलं सगळंच खोटं नाही. भिंतीवर प्लेट ठोकणं, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन भोक पाडणं, आउटडोअरचा स्टँड बसवणं, पाण्याच्या पाइपला उतार देणं ही कामं हात चालणारा कुणीही करू शकतो, करावीत. पण गॅसची लाइन हे वेगळं प्रकरण आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्याच सल्ल्याने होणार आहे. म्हणून आधी तेच घेतो.

सल्ला असा आहे: एक नट ढिला ठेवायचा, लिक्विड व्हॉल्व्ह (बारीक पाइपचा) अ‍ॅलन कीने पाव आटा उघडायचा, सूं आवाज करत हवा निघून गेली की नट आवळायचा. ही पद्धत कुणी मनातून काढलेली नाही. आर-22 गॅसच्या जमान्यात कितीतरी मेकॅनिक असंच करायचे आणि मशीन चालायचीही. त्या मशीनमध्ये मिनरल ऑइल असायचं आणि ते पाणी फारसं शोषत नाही. आजच्या आर-410ए आणि आर-32 च्या मशीनमध्ये बहुतेक वेळा पॉलिओल एस्टर तेल असतं. ते हवेतली ओल अक्षरशः पिऊन घेतं. ओल आणि उष्णता मिळाली की त्याचं विघटन होऊन आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल कॉम्प्रेसरच्या आत मोटरच्या तारांच्या गुंडाळीच्या (वाइंडिंगच्या) इन्सुलेशनपर्यंत पोचतं. हे सगळं सावकाश होतं. पहिल्या संध्याकाळी गार वारा येतोच, दुसऱ्या उन्हाळ्यातही येतो. म्हणून तर ‘दोन वर्षं मस्त चालू’ ही ग्वाही मला पुरावा वाटत नाही.

दुसरं असं, की गॅस सोडल्याने हवा पूर्ण ढकलली जात नाही, ती गॅसमध्ये मिसळते. त्यातली काही आत राहतेच. एसीच्या दाबाला हवेचा द्रव होत नाही, त्यामुळे ती कंडेन्सरमध्ये, म्हणजे आउटडोअरच्या कॉइलमध्ये, अडून बसते, दाब वाढवते आणि मशीनला उगाच जास्त राबवते. पाइपच्या आतल्या भिंतीला चिकटलेलं पाणी तर या फुंकरीने जागचं हलत नाही. शिवाय गॅस तोलून भरलेला असतो, आउटडोअरच्या पाटीवर त्याचं वजन लिहिलेलं असतं. सूं करून किती गेला हे कोण मोजणार? आर-32 थोड्या प्रमाणात ज्वलनशीलही आहे. ज्या खोलीत ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे तो मोकळा सोडायचा सल्ला देणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

पंप नेमकं काय करतो ते पाहा. बाहेरच्या हवेचा दाब म्हणजे 7,60,000 मायक्रॉन (मायक्रॉन हे इथे दाबाचं माप). पंप तो 500 मायक्रॉनपर्यंत खाली आणतो. इतक्या कमी दाबाला पाणी उणे 20 अंशांच्याही खाली उकळतं, म्हणजे पाइपमधली ओल साध्या खोलीच्या तापमानाला वाफ होऊन बाहेर ओढली जाते. माझ्या युनिटच्या वेळी पाइपची तोंडं एक दमट दिवसभर उघडी राहिली होती. पंप लावला, अर्ध्या तासात मायक्रॉन गेजवर 480 आलं, मला वाटलं झालं. पंप बंद करून थांबलो तर आकडा चढू लागला. 700, 1,100, 1,600... आणि 1,900 च्या आसपास थबकला. आकडा थबकला याचा अर्थ आत ओल शिल्लक आहे. गळती असती तर तो चढतच राहिला असता. आणखी तासभर पंप चालवला, तेव्हा कुठे तो 500 च्या आत स्थिर राहिला. साध्या काट्याच्या मॅनिफोल्ड गेजवर हा फरक दिसत नाही. 5,000 ला आणि 500 ला त्याचा काटा जवळपास एकाच जागी असतो.

व्हॅक्यूमच्या आधी गळतीची तपासणी, आणि ती कोरड्या नायट्रोजननेच, रेग्युलेटर लावून. वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर हाताशी असतो, म्हणून मुद्दाम लिहितोय: तो कधीही लाइनला जोडू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. एअर कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं.

‘कचकून आवळा’ हे लाकूडकामात चालेल. तांब्याचा फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं पाइपचं पसरवलेलं तोंड, मऊ असतो, जास्त ताकद लावली की तो चेपून पातळ होतो किंवा पितळी नटालाच चीर जाते. पाव इंची पाइपला साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांश इंचीला 33 ते 42. त्यासाठी टॉर्क पान्हा लागतो, शिवाय युनिट धरून ठेवायला दुसरा साधा पान्हा. पाइप कापल्यावर आतली कड साफ करताना तोंड खाली धरावं, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही.

आता भुसा. एका मित्राच्या वर्कशॉपमधलं इनडोअर युनिट आम्ही एका हंगामानंतर उघडलं. जाळी लख्ख होती, तो दर आठवड्याला धुवायचा. पण मागच्या ब्लोअरच्या प्रत्येक पात्याच्या खोबणीत नमद्यासारखा घट्ट थर बसला होता, आणि ओल्या कॉइलच्या खालच्या भागात भुशाची तपकिरी लापशी झाली होती. तिनेच ड्रेन तुंबला आणि पाणी भिंतीवरून खाली रचलेल्या फळ्यांवर उतरलं. ती जाळी कापसासारख्या मोठ्या धुळीसाठी असते. पॉलिश पेपरने घासताना उडणारी बारीक धूळ तिच्यातून सरळ आरपार जाते. ‘मग जाळीवर जाड कापड लावा’ हा उपाय आणखी वाईट, कारण हवा कमी पडली की कॉइलवर बर्फ धरतो. धूळ कापायच्या-घासायच्या मशीनपाशीच ओढून घ्यावी लागते, आणि ती फक्त एसीसाठी नाही. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच स्पष्ट नोंदवलंय.

इथे एक हिशोब कुणी सांगत नाही. खोली 6 बाय 5 मीटर, उंची 3 मीटर, म्हणजे 90 घनमीटर हवा. 1,000 सीएफएमचा (मिनिटाला 1,000 घनफूट) डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा ओढणारं यंत्र, मिनिटाला सुमारे 28 घनमीटर हवा ओढतो. त्याचं तोंड बाहेर काढलं असेल तर सव्वातीन मिनिटांत खोलीभर गार केलेली हवा बाहेर आणि तेवढीच बाहेरची दमट हवा आत. कितीही टन लावा, पुरणार नाही. बारीक फिल्टर लावून ती हवा आतच परत सोडावी लागते. उलट पॉलिश आणि थिनरच्या कामात नेमकं बाहेरच फेकावं लागतं, कारण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, तीच हवा घुसळत राहतो. त्या वेळी एसी बंद, दार उघडं.

टनाबद्दल. 1 टन म्हणजे ताशी 12,000 बीटीयू, सुमारे 3.5 किलोवॉट. दीड किलोवॉटची मोटर पूर्ण भाराने चालली तरी ती अर्ध्या टनाच्या आसपासच उष्णता सोडते, तीही कापण्यापुरती. खरा भार असतो पत्र्याच्या छताचा आणि दाराच्या फटींचा. आधी छताला इन्सुलेशन करा, मग टन मोजा. गरजेपेक्षा मोठं युनिट खोली पटकन गार करून थांबतं, आणि हवेतलं पाणी मात्र कॉइलवर उतरायला वेळच मिळत नाही. इन्व्हर्टर युनिट वेग कमी करतं खरं, पण त्यालाही एक खालची मर्यादा असते. गार पण दमट वर्कशॉपमध्ये रंध्याची पाती आणि टेबल सॉचा बिडाचा पाटा गंजतो, फळ्या फुगतात. आधुनिक एसीचा जनक विलिस कॅरिअर याने 1902 मध्ये आपलं पहिलं यंत्र आखलं तेच मुळी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. तिथे दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. आपलं दुखणं तेच आहे, फक्त कागदाच्या जागी लाकूड.

हीटरचं म्हणणं बरोबर आहे, पण युनिट ‘हॉट अँड कोल्ड’ असेल तरच. ते असेल तर मात्र सौम्य थंडीत 1 युनिट विजेत 3 युनिटांच्या आसपास उष्णता मिळते, कारण ते उष्णता तयार करत नाही, बाहेरून ओढून आणतं. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घसरतं.

सॉकेटचं एका वाक्यात: एसीला स्वतःची लाइन, स्वतःचा एमसीबी आणि नीट अर्थिंग हवं, कारण टेबल सॉ सुरू होताना कितीतरी पट करंट खेचते आणि त्याच वायरवरच्या एसीच्या पीसीबीला (आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला) तो झटका बसतो.

ज्या दोघांनी युनिट घेतलंय त्यांना मी सांगितलं ते असं. प्लेट, भोक, स्टँड, ड्रेन तुम्ही करा. पाइप आधीच व्हॅक्यूम करून गॅससह बंद केलेले असतील, असे किट मिळतात, तर पुस्तिकेप्रमाणे तेही जोडा. साधे तांब्याचे पाइप असतील तर पंप, नायट्रोजन आणि मायक्रॉन गेज घेऊन येणारा मेकॅनिक बोलवा. पंप बंद केल्यावर पंधरा मिनिटं त्याच्याशेजारी उभं राहून गेज बघा, आणि आकडा 500 च्या आत टिकला तरच त्याला व्हॉल्व्ह उघडू द्या.